नजूमी सर

सर दोन घड्याळं घालायचे. मनगटं दोनच होती म्हणून दोन. तिसरं असतं तर त्यावर काय बांधलं असतं ते देव जाणे. उजव्या हातावर सरकारी वेळ आणि डाव्या हातावर वसमतची. सूर्य वसमतच्या डोक्यावर येतो तेव्हा भारताच्या घड्याळात बारा वाजून वीस-एकवीस मिनिटं झालेली असतात, मग आपण दुसऱ्या गावच्या दुपारी कशाला जेवायचं, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता. फक्त सर तासावर यायचे ते डाव्या घड्याळाप्रमाणे आणि तास सोडायचे ते उजव्या. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास त्यामुळे सत्तावीस मिनिटांत आटपायचा. प्राचार्यांनी एकदा उशिराबद्दल लेखी खुलासा मागितला. सरांनी लेखी विचारलं की आपण मला कोणत्या रेखांशावरून उशिरा ठरवत आहात ते कळावे. प्राचार्य वाणिज्य शाखेचे होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वसमत तालुक्यातल्या एका कॉलेजात सर इतिहासाचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि सरांचंही सांगत नाही. पोरं त्यांना नजूमी म्हणायची. नजूमी म्हणजे जुन्या दरबारातला ज्योतिषी. हा शब्द सरांनीच पोरांना शिकवला होता आणि पोरांनी त्यांच्या सगळ्या शिकवण्यातून तेवढाच एक नीट पाठ केला होता.

कारण सर शिकवायचे तेच. अभ्यासक्रमात काही असो, तिसऱ्या वाक्याला गाडी दख्खनच्या सुलतानांकडे वळायची आणि पाचव्या वाक्याला सुलतानाच्या शेजारी नजूमी येऊन बसायचा. चारशे वर्षांपूर्वीचे राजे ज्योतिषी काहून पाळायचे, हा सरांच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. भविष्य कळावं म्हणून नाही पाळायचे. लढाईला जायचं नसलं की ग्रह वाईट आहेत म्हणता यायचं आणि कुणी भित्रा म्हणायचं नाही. वजीर नकोसा झाला की शेपटीचा तारा दिसायचा. लढाई हरली तर राजा चुकला नाही, मुहूर्त चुकला, आणि मुहूर्ताचं डोकं उडवायला सोपं. "ज्योतिषी आकाशाकडे बघतो हा गैरसमज आहे," सर म्हणायचे. "तो राजाच्या तोंडाकडे बघतो. आकाशाकडे फक्त बोट करतो."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं. सहाव्या वर्षीही आवडत होतं, कारण तोवर माझं पोट त्याच वाक्यावर चाललं होतं.

एकदा मला घेऊन ते कळमनुरीकडच्या एका खेड्यात गेले. एसटीत खिडकीशी बसून मे महिन्यात गळ्याला मफलर. तिथे एका जोशांच्या घरी मोडीतला एक कागद होता: देवळाच्या पायाभरणीचा मुहूर्त. मग गल्ली ओलांडून आम्ही दर्ग्याच्या मुजावरांकडे गेलो. त्यांच्या पेटीतही मोडीतलाच कागद, उरसाची चांगली घटका सांगणारा. सरांनी दोन्ही कागद मुजावरांच्या ओट्यावर शेजारी ठेवले. अक्षर एक, शाई एक, खाली सहीच्या जागी काढलेलं फूलसुद्धा एक. त्या काळी देवळातले पुराणिक सांगत होते की सगळं कर्मावर असतं, मौलवी सांगत होते की उद्याचं फक्त वरच्याला ठाऊक, आणि मागच्या दाराने दोघेही एकाच ज्योतिष्याकडे जात होते. सर इतके खूश झाले की त्यांनी मफलर काढला. "धर्म दोन, गिऱ्हाईकं दोन, दुकान एकच," ते म्हणाले. मुजावर म्हणाले, "सर, चाय लेंगे ना?" सरांनी दोन कप घेतले आणि परत येताना स्वतःचं एक शास्त्र सांगितलं की ज्याच्यावर दोन्ही धर्म विश्वास ठेवतात तो माणूस धर्माचा नसतो, सोयीचा असतो.

स्टाफरूममध्ये सकाळचं पेपरातलं राशिभविष्य सर मोठ्याने वाचायचे. त्यात त्यांची एक खोडी होती. मेषेचं भविष्य कन्येला, कन्येचं कुंभेला, असं बदलून वाचायचे. भूगोलाच्या मॅडम प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बघा, बराबर लिहिलंय. कालपासून डोकंच दुखून राहिलंय." सर माझ्याकडे बघून डोळा मिचकवायचे. घरी त्यांच्याकडे भिंतीवर सात पंचांगं टांगलेली असायची आणि प्रत्येकातली भाकितं तपासून ते लाल पेनाने गुण द्यायचे. पस्तीसच्या वर एकही गेलं नाही, पण पुढच्या वर्षी सातही पंचांगं पुन्हा विकत आणायचे. काकू म्हणायच्या, "दारू प्याले असते तर सोडायला तरी सांगता आलं असतं."

असा हा निष्ठावंत नास्तिक माणूस साहेबांचा ज्योतिषी कसा झाला, ते आता सांगतो.

साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तीनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले, हळदीचे मोठे बागायतदार, आणि माणूस अजिबात मूर्ख नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनात सरांचं भाषण ठेवलं होतं. विषय अर्थात नजूमी. सरांनी भाषणाचे दोन भाग केले होते. पहिल्या भागात नजूम्याची सत्ता किती अफाट होती ते रंगवून सांगायचं, आणि दुसऱ्या भागात ती सगळी कशी बनवाबनवी होती ते दाखवायचं. साहेब पहिल्या भागाला पुढच्या सोफ्यावर बसले होते. कुंडली पाहून फौज कशी थांबायची, नजूम्याच्या एका शब्दावर राजपुत्राचं नशीब कसं फिरायचं, हे ऐकताना ते पुढे सरकून बसले. मग त्यांना हिंगोलीहून फोन आला आणि ते उठून गेले. दुसरा भाग त्यांनी ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली.

सरांनी गाडी परत पाठवली. "मी ज्योतिषी नाही, ज्योतिषाचा इतिहासकार आहे," हे वाक्य त्यांनी ड्रायव्हरला दोनदा समजावून सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "व्हय सर, म्हंजे जुने ज्योतिषी." गाडी आठवडाभर रोज आली. आठव्या दिवशी सर गाडीत बसले.

ते घाबरून बसले असं कॉलेजात सगळे म्हणाले. मला खरं कारण माहीत आहे, कारण मी त्या दिवशी सोबत होतो. साहेबांनी सरांना सोफ्यावर बसवलं, फोन बंद करून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी गोष्ट अर्धी राह्यली. सांगा." सर दोन तास बोलले. साहेब दोन तास ऐकत होते. मधून विचारत होते, "मंग त्या भावाचं काय झालं?" वीस वर्षांत वर्गात एकाही पोराने सरांना मंग काय झालं असं विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर सरांचे कान लाल झाले होते. माणूस पैशाला विकला जातो, पदाला विकला जातो. आमचे सर एका श्रोत्याला विकले गेले.

त्यानंतर गाडी आली की सर निघायचे. आधी गोष्ट व्हायची, मग साहेब हळूच विचारायचे की फॉर्म भरायला मंगळवार बरा की बुधवार. सर म्हणायचे, बुधवार. का, तर मंगळवारी तहसीलला गर्दी असते. पण हे कारण ते स्वतःशी ठेवायचे. वर मला सांगायचे, "मी खोटं काही बोललो नाही. त्यांनी दिवस विचारला, मी दिवस सांगितला." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्या काळात त्यांच्या पाठीमागे पुष्कळदा वापरली. समोर वापरायची माझी टाप नव्हती, कारण मला नोकरी पाहिजे होती.

साहेबांना पत्रिका नव्हती. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून द्यायचे, म्हणून आमच्या पिढीतले आणि आधीच्या पिढीतले निम्मे लोक एकाच दिवशी जन्मले आहेत. सर याला मराठवाड्याचं महानक्षत्र म्हणायचे. पण साहेबांनी आग्रह धरला तेव्हा सरांनी त्यांच्या आयुष्यातल्या घटना विचारून, पंचांगं चाळून, मागे मागे जात त्यांचा जन्म शोधून काढला आणि एक बरी पत्रिका मांडून दिली. "हे पाप नाही," मला म्हणाले. "कुठल्याही बादशहाची कुंडली तो जन्मल्यावर काढलेली नसते. तख्तावर बसल्यावर काढलेली असते." साहेबांनी ती पत्रिका फ्रेम करून देवघरात लावली.

मग आमच्या विभागात एक कायमची जागा निघाली.

सहा वर्षं मी या जागेची वाट बघत होतो. आमचं घर औंढ्याकडचं, मेंढरं राखणारं. वडील मेंढरं घेऊन सहा-सहा महिने दुसऱ्यांच्या रानात. माय त्यांच्या मागे, मी मायच्या पाठीवर. घरात पहिला शाळेत गेलो तो मी, पहिला नेट पास झालो तो मी, आणि तासिका तत्त्वावर असल्याने पहिला मुलगी न मिळणाराही मीच. मुलीचे बाप विचारायचे, पर्मनंट हाय का? मी म्हणायचो, होईन. ते म्हणायचे, मंग झाल्यावर या. माय दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "पक्कं झालं का रं?"

मुलाखतीला दोघांची नावं पुढे आली. एक मी, आणि दुसरा परभणीकडचा एक सरळ, हुशार पोरगा. माझ्याएवढाच शिकलेला, माझ्याएवढाच गांजलेला. दुसरीकडे अशा जागेला काय मागतात ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या साहेबांनी तसलं काही मागितलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यांनी सरांना एवढंच सांगितलं, "दोघायच्या पत्रिका बघून माझ्याकडं द्या. माणूस जन्मभरासाठी घ्यायचाय."

परभणीच्या पोराकडे कॉम्प्युटरवर काढलेली तीस पानी पत्रिका होती, मुखपृष्ठावर गणपती. माझ्याकडे काही नव्हतं. मी मायला फोन लावला.

"कवा जलमला ते काय लिहून ठिवलंय व्हय?" माय म्हणाली. "पुसाचा म्हैना व्हता. मेंढरं पाटलाच्या रानात बसवली व्हती. थंडी लई व्हती. दिवस वर आल्ता."

"किती वर?"

"मेंढरं पाण्याला न्यायची येळ. तुज्या बापानं नेली, मी ऱ्हायले."

मी सरांना जाऊन सांगितलं की माझ्याकडे पत्रिका नाही, तसं साहेबांना कळवून टाका. सर एकदम ताठ बसले. "राजाकडे कुंडली नसली तरी चालतं," म्हणाले. "नोकराकडे लागते. थांब पाच दिवस."

पाच दिवस सरांनी तास घेतले नाहीत, ना वसमतच्या वेळेवर ना भारताच्या. सहाव्या दिवशी मला घरी बोलावलं. तांबड्या रेघांच्या जाड कागदावर, बोरूने, मोत्यासारख्या अक्षरात माझा जन्म लिहिलेला होता. पौष पौर्णिमा, भर दुपार. मेष लग्न. दहाव्या घरात सूर्य. समोर चौथ्या घरात कर्केचा चंद्र आणि त्याच्याच मांडीला मांडी लावून उच्चीचा गुरू. सर एकेका घरावर बोट ठेवून सांगत होते. "बघ. माझ्या उभ्या अभ्यासात असा योग तीनदा पाहिला. तिघेही गादीवर बसले."

"सर, पण हे खरं नाही ना?"

"अरे खरं कसं असेल? पण चुकीचं एक अक्षर नाही यात. कुणाही पंडिताला दाखव."

आता माझीही लाज सांगून टाकतो. सगळं खोटं आहे हे त्यांच्याच तोंडून ऐकून मी घरी गेलो आणि आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिलो. कपाळ मला रुंद वाटलं. सरांच्या सगळ्या व्याख्यानांची टिपणं माझ्या कपाटात होती. त्यात एक आख्खं व्याख्यान असं होतं की राजाला दुबळ्या कुंडलीच्या माणसाची भीती नसते, बळकट कुंडलीच्या माणसाची असते. ज्या भावाची कुंडली राजापेक्षा चांगली, त्याचे डोळे आधी जायचे. हे व्याख्यान सरांनी वीस वर्षं दिलं होतं आणि मी ते सहा वर्षं पोरांना लिहून देत होतो. दोघांनाही ते आठवलं नाही. त्यांना त्यांच्या कारागिरीची धुंदी होती आणि मला माझ्या कपाळाची.

साहेबांनी दोन्ही पत्रिका दोन दिवस ठेवून घेतल्या. नांदेडच्या एका शास्त्र्यालाही दाखवल्या म्हणे. शास्त्री म्हणाला, दुसरी पत्रिका नोकरी करणाऱ्याची नाही, नोकऱ्या देणाऱ्याची आहे. परभणीच्या पोराची निवड झाली. माझ्या पाठीवर साहेबांनी हात ठेवला आणि फार आदराने म्हणाले, "तुमाला मोठं व्हायचंय. हितं अडकू नका."

मी सरळ सरांच्या घरी गेलो. कपाटातली टिपणांची वही सोबत नेली होती. ते पान उघडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. डोळे आधी जायचे, इथपर्यंत. सर पहिल्यांदा माझ्या अक्षराकडे बघत होते, मग जमिनीकडे.

"एक साधा शनी टाकला असता सर, तर माझं पक्कं झालं असतं," मी म्हणालो. "कुठंतरी एखादा वक्री बुध. काय गेलं असतं तुमचं?"

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "टाकणार होतो. पहिल्या घरात शनी लिहिलाही होता. पण कुंडली बिघडत होती रे."

त्यांनी मफलर गुंडाळला आणि म्हणाले, चल. आम्ही साहेबांकडे गेलो, त्या वेळी गाडीची वाट न बघता, रिक्षाने. आयुष्यात पहिल्यांदा मला सर शूर वाटले. साहेब ओसरीवर हळदीचं वाण बघत बसले होते. सर उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, याची पत्रिका खोटी आहे. मी बनवली. याच्या आईला तारीखसुद्धा माहीत नाही."

साहेबांनी हळदीचं कांडं मोडून वास घेतला. "बसा सर. तकलीफ कशाला घेतली? फोन करायचा."

"खरंच सांगतो. याच्यात काही राजयोग नाही. हा साधा मास्तर आहे."

"सर," साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "तुमीच मला सांगितलं व्हतं. एका सुलतानानं भावाची कुंडली मागितली. नजूम्याचा त्या पोरावर जीव व्हता. नजूमी म्हन्ला, हुजूर, ही कुंडली झूट हाय, मीच लिहिली. सुलतानानं इश्वास ठिवला आन पोराला सोडलं. मंग काय झालं?"

मला ठाऊक होतं काय झालं ते. टिपणांत होतं. पोरगा पुढच्या वर्षी तख्तावर बसला.

"मी सुलतान न्हाई," साहेब म्हणाले. "पर येडा बी न्हाई."

"ती गोष्ट... तीही बहुतेक नंतर रचलेली आहे, साहेब."

"बरं. ही बी खोटी, ती बी खोटी. मंग देवघरातली माझी? ती बी तुमीच काढली. ती खोटी असंल तर मी तीनदा निवडून कसा आलो?"

या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही इतिहासकाराकडे उत्तर नाही. मला वाटलं, सर बोलतील. दुसरा भाग, जो ऐकायचा राहिला होता तो, आता तरी म्हणून टाकतील. साहेबांनी आतून चहा मागवला. सरांनी तो घेतला. मी घेतला नाही, पण त्याने काही फरक पडला नाही.

त्यानंतर गाडी आली की सर दार उघडायचे नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात साहेबांनी स्वतः शाल घातली आणि भाषणात सांगितलं की एवढा थोर ज्योतिषाचार्य आपल्या भागात झाला नाही. मानपत्रावर इतिहास हा शब्द एकदाही नव्हता. सर व्यासपीठावर हात जोडून बसले होते. मी मागच्या रांगेत होतो आणि मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मला त्या माणसाची इतकी कीव आली की मी उठून बाहेर गेलो.

माझा राजयोग मात्र माझ्या आधी गावोगाव पोचला. मी हिंगोलीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर शिकवायला लागलो. तिथे आमच्या समाजातली चार मोठी माणसं फेटे बांधून आली. जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणाली. मी म्हणालो, मला राजकारणातलं काही कळत नाही. त्यातला वडीलधारा म्हणाला, "तुमाला कळायची गरजच न्हाई. तुमच्या चौथ्या घरात गुरू हाय." मुलीचे बापही आता येऊ लागले. पर्मनंट हाय का, हे त्यांनी विचारणं सोडलं होतं. आमदार कवा व्हनार, हे विचारायचे. असल्या बापांना मीच नाही म्हणालो. माय मात्र रविवारी तेच विचारत राहिली.

पाच वर्षांनी पक्कं झालं. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या कॉलेजात. तिथे पत्रिका कुणी मागितली नाही. मुलाखतीत दख्खनच्या दरबारांवर विचारलं आणि मी पंचवीस मिनिटं बोललो, सगळं सरांचं. ऑर्डर हातात आली तशी मी वसमतची एसटी पकडली.

सर खूप वाळले होते. भिंतीवर एकही पंचांग नव्हतं. ऑर्डर त्यांनी चष्मा पुसून वाचली, परत पहिल्यापासून वाचली आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"रुजू कधी?"

"शुक्रवारी सर. साडेदहाला बोलावलंय."

त्यांनी कागदाची घडी केली, उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रवारी साडेदहा ते बारा राहूकाळ असतो."

मी हसलो. त्यांची जुनी थट्टा असेल असं वाटलं. ते हसले नाहीत.

"सर, तुम्ही म्हणताय हे?"

"थोतांड आहे. सगळं थोतांड आहे, मला नको सांगू. वीस-बावीस वर्षं मीच शिकवलं." त्यांनी ऑर्डर माझ्या हातात दिली. "पण सही बाराच्या नंतर कर."

"काहून सर?"

"मागच्या वेळी माझ्या हाताने गेली ना तुझी. आता माझ्याकडे ना साहेब, ना कुणाची ओळख. तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्यापाशी एवढंच उरलंय." मग म्हणाले, "राजे ज्योतिषी काहून पाळायचे ते मी सगळं लिहिलं. राजाची आई काहून विचारायला जायची, ते लिहायचं राहून गेलं."

शुक्रवारी मी साडेदहाच्या आधी पोचलो. हेडक्लार्कने हजेरीपट माझ्यासमोर उघडून ठेवला आणि सहीची जागा दाखवली. मी म्हणालो, फोटो विसरलोय, घेऊन येतो. फोटो खिशात होते. फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसलो, तीन चहा घेतले, भिंतीवरची जुनी निवडणुकीची पोस्टरं वाचली. सहा वर्षं आणि वर पाच वर्षं ज्या सहीची वाट बघितली, ती समोर उघडी ठेवून मी टपरीवर बसलो होतो आणि मला स्वतःचा संताप येत होता आणि तरी मी उठत नव्हतो. बारा वाजून दहा मिनिटांनी आत गेलो.

हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय सर, इतिहासवाले तुमी. मुहूर्त बघून आले का?"

"व्हय," मी म्हणालो आणि सही केली.